झाकणाची आतली बाजू

भटू सर दोंडाईच्याहून आले, सकाळच्या एसटीनं.
रुमालात घड्याळ, आणि घड्याळाआधी त्याची गोष्ट:
वडील निंबा कंपाउंडर, अठ्ठावन्नचं लग्न,
सासऱ्यानं खास सुरतेहून आणलेलं,
कोरं, डबीसकट.
डबी काही सापडली नाही.
"माले फक्त लिखी दे, ताई. कंपनी आनि साल."

तबकडीवर नाव नाही. होतं, कुणीतरी पुसलंय.
वरून दुधी रंग, त्यावर बाराचा आकडा
अर्धा मिनिट सरकलेला,
सेकंदाच्या बारक्या वर्तुळाची रेघ सहापाशी जाडावलेली.
कारखान्यात हात असा थरथरत नाही.
म्हणजे तबकडी साक्षीतून बाद.
काटे निळे, पण एक दुसऱ्या घराण्यातला.
चावी तर परवाची, धुळ्याचीच,
माझ्याच बरणीतली असेल.

झाकणाच्या फटीत पातं घातलं
आणि शिंकले.
एकदा नाही, चारदा.
भिंग डोळ्यावरून निसटून मांडीवर.
कडेच्या खाचेत, जिथे एरवी मळ असतो
काळा, घामाचा, कुणाचाही,
तिथे तांबडं काहीतरी दडपून बसलेलं.
जिभेला लावून पाहिलं
(माझ्या वडिलांची सवय, चांगली नाही).
मिरची.

"तुमचे वडील मार्केटात होते?"
"नही वं ताई. दवाखानामा व्हतात.
ठेचा बी खायेत नही."

यंत्र काढलं. तोलचक्राखाली
वाळूच्या कणाएवढा एक छाप, एक आकडा. पंधरा खडे.
धक्का सोसायची स्प्रिंग नाही,
म्हणजे जुनं, किंवा स्वस्तातलं, किंवा दोन्ही.
वडिलांच्या वहीत तो छाप सापडला,
शेजारी पेन्सिलीनं: स्विस. लढाईच्या आतबाहेर.
सन सांगायला त्यांना लढाया लागत.

मग झाकण तिरकं धरलं उजेडाला, आतली बाजू वर.
ही जागा घड्याळ घालणारा कधी बघत नाही.
इथे आम्ही एकमेकांना लिहितो, सुईनं:
कोणी उघडलं, केव्हा, काय केलं.
दोन ओरखडे. हात एकच, आकडे गुजराती वळणाचे,
नंदुरबारचे फिदाहुसेनभाई, वडिलांचे उस्ताद.
पहिला: ३-११-५३. साफ.
दुसरा: १९-४-५८. रं.
रं म्हणजे रंग. म्हणजे तबकडी.

वाचून दाखवलं, जसं होतं तसं, अर्थ न लावता.
सर बराच वेळ बोटांची पेरं मोजत बसले.
"लगीन मे महिनामा व्हयनं."
पंखा फिरत होता. मग,
"आजा सुकलाल. मायना बाप.
मिरचीना मापाडी व्हता."

खिशातून फोन, फोनमध्ये फोटोचा फोटो:
मांडव. निंबा कंपाउंडर मनगट पुढे करून बसलेला,
नाडी बघायला द्यावी तसं.
आणि कडेला, खांबाला टेकून, आजा.
भर मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा सदरा,
मनगटापर्यंत गुंड्या लावलेला.
"बंडीवरना मानूस," सर म्हणाले.
"हाऊ सदरा मी दुसरा कोन्ताच फोटोमा देखा नही."

मनगटावरचा पांढरा पट्टा
उन्हात भरून यायला किती दिवस लागतात,
ते वडिलांच्या वहीत नाही.

यंत्र धुतलं, तेल दिलं. चालू झालं,
दिवसाला दोन मिनिटं मागे.
खाचेसाठी काडी तासून टोकदार केली होती,
ती तशीच बरणीत टाकली.

पावतीवर कंपनीचा रकाना रिकामा.
सालाच्या रकान्यात लिहिलं: त्रेपन्नच्या आधीचं.
"खाले अठ्ठावन्न बी लिखी दे," सर म्हणाले.
लिहिलं.

झाकण बसवण्याआधी सुई घेतली.
फिदाहुसेनभाईंच्या ओळीखाली जागा होती.
साफ असं लिहिणार होते,
पण साफ कुठे केलं होतं.
नुसती तारीख घातली.